इनासचं नाक

पिंपाचा धंदा नाकावर चालतो. हे मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आणि लोक हसत आले. या अंकाच्या संपादकांनी मला ‘शून्यातून उभा राहिलेला उद्योजक’ म्हणून लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं. ते म्हणाले, “वा, असंच गमतीदार लिहा.” धंद्यातल्या गमती माझ्याकडे गोणीभर आहेत. पण मला एकाच माणसाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच्याबरोबर माझं स्वतःचं एक जुनं गाऱ्हाणंही मांडायचं आहे. ते मी चौकीत मांडलं, वकिलापुढे मांडलं, नातेवाइकांपुढे मांडलं. कुणी ऐकून घेतलं नाही. वाचक मध्येच उठून गेला तर निदान मला दिसत तरी नाही.

मी मूळचा वसई तालुक्यातल्या चंदनसारचा. शाळा अर्ध्यात सुटली आणि एका भंगारवाल्याची हातगाडी ओढायला लागलो. पुढे कामणला रस्त्याला लागून जागा घेतली आणि रिकाम्या पिंपांचा स्वतःचा धंदा सुरू केला. त्याला कुणाच्या बापाची मदत नव्हती. माझा राग आणि माझी जीभ एवढंच माझं भांडवल. जीभ भाव करायला आणि राग तो भाव टिकवायला.

धंदा असा. कारखान्यांत रसायनं, तेल, रंग, साखरेचा पाक असा सगळा माल लोखंडी पिंपांतून यायचा. माल संपला की रिकामं पिंप कारखान्याला अडचण. ते आम्ही उचलायचो. आत कॉस्टिकचं गरम पाणी आणि लोखंडी साखळी टाकून जमिनीवर लोळवायचो, म्हणजे आतला थर खरवडून निघतो. मग पोचे ठोकून काढायचे, रंग मारायचा आणि विकायचं. ऐकायला सोपं आहे. अवघड काम साखळीच्या आधीचं. या पिंपात पूर्वी काय होतं? कारखान्यातला कारकून खोटं सांगतो, पिंपावरचा कागद भलत्याच मालाचा असतो. आणि घेणारा त्यात काय भरेल याचा नेम नाही. कोळी डिझेल भरतो, ठेकेदार डांबर भरतो, पण लग्नाचा आचारी ताक भरतो. आणि मनवेलपाड्याच्या चाळींतल्या बायका तर माझ्याकडून पिंपं न्यायच्या ती पिण्याच्या पाण्यासाठी. म्हणून आम्ही तीन ढीग करायचो. एक खाण्यापिण्याचा, एक तेलाचा आणि एक कुणालाच न द्यायचा. कुठलं पिंप कुठल्या ढिगात, हे ठरवायला एकच यंत्र होतं. बूच काढायचं, भोकाला नाक लावायचं आणि खोल ओढायचं.

पहिल्या ढिगातल्या पिंपाच्या काठावर मी छिन्नीनं तीन रेघांची खूण ठोकायचो. ती खूण पाहून बायका डोळे झाकून पिंप न्यायच्या. त्या खुणेचा मला अभिमान होता. त्याच खुणेनं पुढे मला कोठडी दाखवली, ते येईलच.

इनास माझ्याकडे आला तो त्याच्या आईच्या सौद्यातून. ब्रिजितमावशी वसईच्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातली. लाल लुगडं, कमरेला चाव्यांचा जुडगा. वाडीला पाणी घालायला पिंप हवं म्हणून बैलगाडी घेऊन आली होती. पिंपाभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाली, “याला पोचा हाय.”

“मावशी, पोच्यानं पाणी सांडत नाही.”

“पोच्याएवढं पानी कमी मावतं. त्या पाण्याचे पैसे मी का द्यायचे?”

“मग तेवढं पाणी घागरीत घेऊन या, मी पिऊन टाकतो!”

“तू रागीट हायस,” ती शांतपणे म्हणाली, “रागीट माणूस भाव लवकर सोडतो.” आणि खरंच, तिनं मला इतकं खाली आणलं की शेवटी पिंप गाडीत चढवायलाही मीच हात लावला. गाडीवर तिचा मुलगा बसला होता, तिशीला टेकलेला, लांबट नाकाचा, हसरा. तो उतरला आणि सहज दुसऱ्या एका पिंपाजवळ जाऊन म्हणाला, “हे पाण्याला देऊ नका. वर पाकाचा वास हाय, खाली फवारणीचं औषध हाय.” ते पिंप मी स्वतः पहिल्या ढिगात लावलं होतं. मी पुन्हा नाक लावलं. बराच वेळ काही कळलं नाही, मग घशात कडू आलं.

“काय घेशील कामाला यायचे?” मी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. “आता बघ मी भाव कसा करते.”

इनास माझ्याकडे सहा-सात वर्षं होता. असं नाक मी पुन्हा पाहिलं नाही. तो वास घेताना डोळे मिटायचा आणि नावं घ्यायचा, “एरंडेल... त्यावर वार्निस... आणि यात कुणीतरी उंदीर मेलेला ठेवलाय.” हमाल हसून लोळायचे. एकदा एक आचारी लग्नासाठी कुठूनतरी दुसरीकडून स्वस्तात पिंपं घेऊन चालला होता आणि माझ्याकडे फक्त चहाला थांबला होता. इनासनं गाडीजवळून जाता जाता त्यातली दोन पिंपं उतरवून ठेवली आणि आचाऱ्याला म्हणाला, “ही तुमच्या सोयऱ्यांना नका पाजू, निदान वरमाईला तरी.” आचारी आधी भडकला, मग वास घेऊन घाम पुसत बसला. त्या दिवसापासून तो माझं कायमचं गिऱ्हाईक झाला. मी इनासला शिव्या द्यायचो, तो मला “शेठ” म्हणायचा आणि त्या शब्दात थोडी चेष्टा असायची. आमचं चांगलं चाललं होतं.

मग ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात प्रधान आला.

त्याचं नाव त्यानं प्रधान सांगितलं; पुढे ते दुसरंच निघालं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मऊ बोलणं, बोटांची टोकं पिवळी पडलेली. पहिल्याच भेटीत मला त्याचा संशय आला आणि त्याचं कारण एकच, त्यानं भाव केला नाही. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला, त्यानं लगेच होकार दिला. आमच्या धंद्यात जो भाव करत नाही त्याच्याकडे एकतर पैसा फुकटचा आलेला असतो किंवा वेळ कमी असतो. मी विचारलं, “काय भरणार?” तो म्हणाला, “उदबत्तीचा सुगंध बनवतो.” म्हणून मी त्याला पहिल्या ढिगातली, खुणेची पिंपं दिली. पश्चिमेकडच्या एका वाडीतलं मागचं घर त्यानं भाड्यानं घेतलं होतं. वाडीमालक मोठे प्रतिष्ठित. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांची नातवंडं याच तालुक्यात नांदतात.

प्रधान पिंपं बघत होता, पण त्याची नजर इनासवर होती. इनास डोळे मिटून एका भोकावर वाकला होता.

“हा माणूस नुसत्या वासानं सगळं ओळखतो?” त्यानं मला विचारलं.

“पिंपं विकायला आहेत,” मी म्हणालो, “माणसं नाहीत.”

पण पंधरवड्यात इनास माझ्यापुढे टोपी काढून उभा राहिला. “शेठ, मी तिकडे जातो. अत्तराचं काम हाय. आयुष्यभर पिंपात तोंड घालून माझं नाक गंजेल. तिकडे मोगरा हाय.”

मी पगार वाढवला. त्यानं मान हलवली. मी आणखी थोडा वाढवला. तो हसला. “बघा, तुम्ही भाव करताय. तो भाव करत नाय.”

“जो भाव करत नाही त्याच्यापासून लांब राहावं, मूर्खा!”

“शेठ, मी काय पिंप हाय?” तो म्हणाला आणि गेला. मोगऱ्याचं काही नव्हतं हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्याच्यासारख्याला फाटकातच कळलं असणार. पण तोवर त्यानं गावात सांगून टाकलं होतं की मी आता अत्तर करतो.

तिथं काय होत होतं ते मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. झोप उडवणारी पावडर. कोर्टात तिचं नाव वाचलं गेलं, मेथॅम्फेटामिन. वाचणाऱ्याची जीभही अडखळली. भिवंडीच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर तिला नुसतं ‘पांढरी’ म्हणायचे. माझ्याकडे माल आणणारा एक ड्रायव्हर मला म्हणाला होता, “सेठ, दिल्लीपर्यंत डोळा लागत नाही.” त्याचे डोळे बघून मला वाटलं होतं, याला आता कधीच झोप लागणार नाही. प्रधानकडे कारखान्यातली उपकरणं नव्हती. स्वयंपाकघराएवढ्या खोलीत, खिडक्यांना गोणपाट लावून, चोरून उद्योग चालला होता. उपकरणांच्या जागी त्यानं इनासचं नाक आणलं होतं. उकळत्या भांड्यांवर वाकायचं, वाफ ओढायची आणि प्रधानला सांगायचं, एवढंच इनासचं काम. जी वाफ लागली तर दुसरा माणूस पळत सुटेल, ती हा छाती भरून ओढायचा, कारण त्याला तसंच शिकवलेलं होतं. आमच्या धंद्यात अर्धवट वास घेणारा माणूस कामाचा नाही. शिवाय थकवा आला की प्रधान चिमूटभर पावडर द्यायचा, औषध म्हणून.

गावाला वास आला नाही असं नाही. उग्र, मांजराच्या मुतासारखा वास शेजारच्या वाड्यांपर्यंत जायचा. पण आमच्याकडची एक रीत आहे. लग्नाच्या आधी, नाताळच्या आधी कुणाच्या ना कुणाच्या मागीलदारी दारूची भट्टी लागते. अशा वासाबद्दल कुणी चौकशी करत नाही. खिडकी लावून घ्यायची आणि गप्प बसायचं, कारण उद्या लग्न आपल्या घरी असतं. गाव समजलं, दारूच आहे, फक्त वाईट प्रतीची. कुणी इनासला हटकलंही, “अरे, गूळ कसला वापरता? नासका दिसतो.” इनास हसला म्हणे. त्या हसण्यानं गावाची खात्रीच पटली. वाडीच्या कडेच्या बावखलात, म्हणजे आमच्याकडे बागायतीला पाणी पुरवणारी जी तळी असतात त्यातल्या एकात, मासे पोट वर करून तरंगायला लागले, शेजाऱ्याची पानवेल करपली, तरी शेजारी एवढंच म्हणाला की घरचं लग्न उरकलं की सांगू.

ब्रिजितमावशी माझ्या आवारात आली तेव्हा बैलगाडी नव्हती. एस.टी.नं आली होती, उन्हात चालत. पिंपावर बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, “गजा, पोराला काय झालंय?”

“दारू प्यायला लागला का?”

“दारू पिणारा झोपतो. हा झोपत नाय. सायकल उघडून पसरतो, परत जोडतो, परत उघडतो. उभ्याउभ्या घास घेतो न थुंकतो. दात हलाय लागलेत, या वयात. हातावरची कातडी ओरबाडून ठेवलीय, म्हणतो आत काहीतरी चालतंय. परवा मला म्हणतो, आये, कौलांवर माणूस बसलाय, तू त्याला जेवण देतेस.” ती थांबली. “मला म्हणतो. आपल्या आईला.”

मी त्याच दिवशी चौकीत गेलो. जिथं गेलो ती चौकी कुठली ते सांगत नाही. एक हवालदार खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. मी सांगितलं, अमक्या वाडीत काहीतरी भयंकर बनतंय, माणसं वेडी होताहेत, मासे मरताहेत.

“वास कसला येतो?” तो म्हणाला.

“उग्र.”

“मग दारूच. गजाशेठ, तुम्हीही कमाल करता. दारूच्या वासाची तक्रार घ्यायला लागलो तर या तालुक्यात नाताळ व्हायचा कसा?”

“ही दारू नाही. लिहून घ्या.”

“लिहून काय घ्यायचं? तुम्हीच त्याला पिंपं विकता ना?” तो हसला. “गिऱ्हाइकाशी भांडण झालं वाटतं.”

मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, आणि त्यांनी मला बाहेर काढलं. हे माझं पहिलं गाऱ्हाणं. मी सांगायला गेलो होतो. आग लागण्याच्या आधी गेलो होतो.

तिथून थेट वाडीमालकांकडे गेलो. ओसरीवर झोपाळा, पितळी पानाचा डबा. ते म्हणाले, “भाडं वेळेवर देतो. सभ्य माणूस आहे. इनास तुमच्याकडून गेला याचं तुम्हाला दुःख होणं साहजिक आहे.” मागच्या घराकडे बघायलाही त्यांनी मान वळवली नाही. ज्याला काही माहीत नसतं तो निदान वळून बघतो.

मागच्या घराच्या दारात प्रधान उभा होता. आत गोणपाटाआड इनास दिसला. मी ओळखलं ते फक्त नाकावरून. बाकी सगळं गळून गेलं होतं.

“माझा माणूस दे,” मी म्हणालो.

“मी बांधून ठेवलाय का? विचारा त्यालाच.”

“तुला एकही पिंप मिळणार नाही. माझ्याकडून नाही आणि भिवंडीपर्यंत कुणाकडून नाही. सगळे माझे ओळखीचे आहेत.”

मला वाटलं आता तो भाव करेल. मी तयार होतो. इतकी वर्षं त्याच एका कामात घालवली होती. समोरचा पहिला शब्द कुठला बोलतो, दुसरा किती वेळानं बोलतो, त्यावरून तो कुठे थांबणार हे मला कळायचं. प्रधान लगेच म्हणाला, “घेऊन जा.”

इनास माझ्यामागे आला. पाखरासारखा हलका झाला होता. मला आनंद झाला पाहिजे होता, पण रस्ताभर मी मागे वळून बघत होतो. विकणारा किंमत न मागता माल देतो तेव्हा त्याला माहीत असतं की माल परत येणार आहे.

आवारातल्या माझ्या खोलीत इनास पडला तो मेल्यासारखा झोपला. उठला की जेवायचा, रडायचा, पुन्हा झोपायचा. ब्रिजितमावशी पेज घेऊन यायची, भिंतीला टेकून माळ जपायची. मग एका सकाळी तो उठला, आंघोळ केली आणि म्हणाला, “शेठ, काम द्या.” मावशी माझ्याकडे बघून हसली. माझ्याकडून जिंकलेल्या इतक्या सौद्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मनवेलपाड्याची एक बाई पाण्यासाठी पिंप न्यायला आली होती. मी एक नवीन आलेलं पिंप पुढे केलं. इनासनं बूच काढलं, डोळे मिटले, नाक लावलं, खोल ओढलं. तीच जुनी ऐट.

“पाक,” तो म्हणाला. “पहिल्या ढिगात घ्या.”

बाईनं पिंपाला हात घातला. मी नुसता जवळ गेलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते उघडउघड फवारणीचं औषध होतं. नवशिक्या हमालानंही लांबून सांगितलं असतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, सगळं आवार थांबलं एवढं आठवतं. बाई घाबरून निघून गेली.

इनासनं बूच पुन्हा लावलं, नीट पिळून. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, “शेठ, मला कशाचाच वास येत नाय. आईच्या कालवणाचा नाय. माझ्या घामाचा नाय.”

“येईल परत.”

“नाय येणार.” तो पिंपांच्या ढिगांकडे बघत राहिला. “तुमच्याकडे माझं काय काम उरलं?”

“साखळी लोळव. रंग मार. बस नुसता!”

दुसऱ्या दिवशी तो प्रधानकडे परत गेला. ब्रिजितमावशी पेजेचं भांडं घेऊन आली आणि रिकामी खोली बघून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “मी तुझ्याकडे माणूस दिला होता, गजा.” मला खूप बोलायचं होतं. मी पिंपं विकतो, माणसं राखत नाही, चौकीत जाऊन आलो, मालकाशी भांडलो, त्याला ओढून आणला. त्यातलं एक वाक्यही मी बोललो नाही. ती गेली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी मागच्या घरात स्फोट झाला. कौलं वाडीभर उडाली. प्रधान त्या वेळी तिथं नव्हता आणि पुढे कुणालाच दिसला नाही. तिथं काम करणारा रघू नावाचा माणूस जागीच गेला. तोही मनवेलपाड्याचा, घरी दोन मुली. इनासला शेजाऱ्यांनी केळीच्या पानांत गुंडाळून बाहेर काढला.

आणि मला पोलिसांनी धरलं. जळालेल्या घरात काय सापडलं? पिंपं. पिंपांच्या काठावर काय? तीन रेघांची खूण. वसईत ती खूण कुणाची हे कुणाला सांगायला नको होतं. मी म्हणालो, ती खूण याचसाठी आहे की पिंप स्वच्छ आहे. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ उलटा लावला, की मी प्रधानला मुद्दाम निवडून चांगली पिंपं पुरवली. मी म्हणालो, मी आधी तक्रार केली होती, त्या हवालदाराला विचारा. हवालदार समोरच होता. तो म्हणाला, “तक्रार? माझ्याकडे तर कुणी आलं नव्हतं.” छापून आलं की एका पिंपवाल्या शेठचा यात हात आहे. वाडीमालकांचा त्यात उल्लेख नव्हता. भाडेकरू काय करतो हे मालकाला कसं कळणार, असं ते म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं. पुढे शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांना हार घालताना मी रस्त्यावरून पाहिलं. मी कोर्टातून सुटलो, पण सुटल्याचं कुणी छापलं नाही. मनवेलपाड्याच्या बायका माझ्या पिंपाला हात लावेनाशा झाल्या. हे माझं दुसरं गाऱ्हाणं.

इनास वाचला. दवाखान्यात मी गेलो तेव्हा ब्रिजितमावशी त्याच्या उशाशी होती. तिनं पाठ फिरवली, आणि पुढे मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. ती गेल्यावर इनास माझ्या आवारात आला. अर्धा चेहरा ताणलेला, छातीत शिट्टी वाजायची, तोंडात दात नव्हते. मी त्याला फाटकाजवळ खुर्ची दिली. गाड्या मोजायचं काम. तेही त्याला जमायचं नाही, पण आम्ही दोघंही तसं बोललो नाही. तिथंच तो पुढे गेला, एका पावसाळ्यात, खोकत खोकत. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली एक दुपार मला सांगायची आहे.

आम्ही दोघंच होतो. तो न विचारता बोलायला लागला.

“त्या दिवशी रघूनं मला विचारलं.”

“काय?”

“म्हणाला, इनास, काहीतरी वास येतोय, वेगळा. तुला येतो का? निघू का बाहेर?” इनासनं खुर्चीचा हात घट्ट धरला. “सगळे मलाच विचारायचे, शेठ. माझं नाक गेलंय हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर प्रधाननं काढलं असतं.”

“मग तू काय सांगितलंस?”

“डोळे मिटले. ओढलं. म्हणालो, काय नाय, रघू, काम कर.”

मला त्याच्यावर रागवता आलं नाही. मग दुसऱ्या कुणावर तरी राग काढायचा म्हणून मी बोलायला लागलो. हवालदारावर बोललो, वाडीमालकांवर, प्रधानवर, त्या पावडरीवर. बोलता बोलता म्हणालो, “आणि लोक शहाणे होतात थोडेच! ऐकलं का, पुन्हा कुणीतरी असंच एक घर उघडलंय म्हणतात.” ते मी नुसतं ऐकलं होतं, एका ड्रायव्हरकडून, खरं होतं की नाही देव जाणे.

इनास खुर्चीत सरळ झाला. इतक्या दिवसांत त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच जीव पाहिला.

“कुठं, शेठ?” तो म्हणाला.